सरकार पाण्यात उतरले

कॉलेजात त्याला सगळे ‘सरकार’ म्हणायचे. त्याच्या खापरपणजोबांनी बांधलेल्या पुलावर इतिहासाच्या पुस्तकात अख्खा परिच्छेद होता, आणि परीक्षेत नेमक्या त्याच पुलावरच्या प्रश्नाचं उत्तर सरकारांनी चुकवलं होतं. मग काय, थट्टेला ऊत आला. तोही त्यात हसून सामील व्हायचा.

ती पोहण्याच्या संघाची कप्तान. दुसऱ्या वर्षी एकदा त्याने तिला कँटीनच्या मागे गाठलं, आसपास कोणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, “मला पोहायला शिकवशील? पण कुणाला कळता कामा नये.”

तिला हसूच आलं. मग त्याने सांगितलं ते ऐकून हसू मावळलं. त्यांच्या इस्टेटीत घरामागे मोठा दगडी तलाव होता. त्याचा धाकटा काका लहानपणी त्यात बुडाला. आजोबांनी तलावाभोवती भिंत घातली, फाटकाला कुलूप ठोकलं, आणि घरात तो विषयच बंद झाला. एवढं नावाजलेलं खानदान, पण पोहता एकालाही येत नव्हतं.

कॉलेजच्या तलावात सकाळी लहान पोरांचा वर्ग असे. सरकार त्यांच्यात उभे. पोरं धपाधप उड्या मारायची आणि कमरेएवढ्या पाण्यात याच्या पाचावर धारण बसायची. कितीतरी दिवस त्याने काठ सोडला नाही. तिनेही घाई केली नाही. त्याचा हात धरून ती आपली परीक्षेच्या, कँटीनमधल्या पाणचट चहाच्या गप्पा मारत राहायची. असंच एकदा बोलता बोलता तिने हात सोडला, तर हा पठ्ठ्या तरंगत होता.

त्या आनंदात त्याने घरी जाऊन सांगून टाकलं. वडिलांनी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणंच टाकलं. पुढे कॉलेज संपलं. ती फिजिओथेरपिस्ट झाली, लग्न करून दूर गेली, आणि ओळख नववर्षाच्या शुभेच्छांपुरती उरली.

ती पुन्हा कॉलेजच्याच गावात राहायला आल्याचं कळल्यावर मात्र त्याचा फोन आला. इस्टेटीतलं बरंचसं विकून झालं होतं, पण तलाव त्याने ठेवला होता. गाळ काढला, एका बाजूला उथळ भाग केला, कठडे बसवले. आता गावातली पोरं तिथे पोहायला शिकत होती. बायकांनाही शिकायचं होतं, पण शिकवायला कोणी नव्हतं. येशील का, एवढंच त्याने विचारलं.

ती गेली. काठावर खुर्ची टाकून त्याचे वडील बसले होते. पोरं पाण्यात असेपर्यंत ते पापणीही लववत नाहीत, असं तो म्हणाला. परवानगी त्यांनीच दिली होती, पण राखणही तेच करत. तिला बघून त्यांनी शेजारी बसायला खूण केली.

“त्याला तूच शिकवलंस ना?”

“हो काका. तुम्ही रागावला होतात.”

“रागावलो नव्हतो गं. घाबरलो होतो,” ते म्हणाले. “ते त्याला कधी सांगता आलं नाही.”

ती दर रविवारी जाऊ लागली. बायका आधी लाजल्या, मग अशा रमल्या की बाहेर काढताना नाकी नऊ यायचे. एका रविवारी वर्ग संपल्यावर वडील खुर्चीतून उठले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायऱ्यांपाशी येऊन थांबले. सरकार पाण्यातच होते. त्याने हात पुढे केला. वडिलांनी तो घट्ट धरला, पहिली पायरी उतरले, मग दुसरी.

“गार आहे रे,” ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.