सर्व्हरवाले बापू

संगणक बिघडला म्हणून बोलावलेला माणूस आला की आधी आपल्याला खुर्चीवरून उठवतो, स्वतः बसतो आणि खटाखट काहीतरी दाबायला लागतो. आमचे बापू तसं करायचे नाहीत. ते यायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि बाजारात बैल बघावा तशी संगणकाभोवती एक चक्कर मारायचे. मागच्या वायरी बघायचे, टेबलाखाली वाकून बघायचे आणि सगळ्यात शेवटी खुर्चीतल्या माणसाकडे बघायचे. "हां. आता सांगा, काय काय केलासा?"

समोरचा म्हणायचा, "काहीच केलं नाही हो बापू. आपोआप बिघडलं."

"काय बी न करता बिघडतंय ते माणूस," बापू म्हणायचे. "मशीनला कोणतरी काय तरी करावं लागतंय."

मग समोरचा आठवून आठवून सांगायचा. तो खरं सांगेपर्यंत बापूंचे हात पाठीमागेच. बऱ्याचदा सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगायचं आणि बापू कीबोर्डला बोटही न लावता परत जायचे.

कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीत आमची फौंड्री. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे भाग ओतायचं काम. मी तिथे डिझाइन विभागात लागले तेव्हा राधानगरीकडच्या आमच्या वाडीतली पहिली इंजिनिअर होते, मुलगे-मुली दोन्ही धरून. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण मी मिरवण्यासाठीच सांगते. ज्या घरात दहावीचा निकालसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागायचा, त्या घरातून मी बी.ई. होऊन आले होते. त्यामुळे सर्व्हर सांभाळणारा माणूस सातवी शिकलेला आणि मूळचा सुतारकाम करणारा आहे हे कळल्यावर मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता.

बापू मूळचे नेसरीचे, राहायला कळंब्याला. तरुणपणी ते फौंड्रीत पॅटर्न करायचे, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने. भुशानं दमा लागला तेव्हा मालकांनी त्यांना ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं. तेव्हा ड्रॉइंगं कागदावर असायची. एखादं माप बदललं की नवं ड्रॉइंग सगळ्या विभागांना वाटायचं. बापू नवं वाटायचे आणि जुनं मागून घ्यायचे. कुणी म्हणालं की जुनं हरवलं, तर त्याच्या टेबलाचा खण उपसायचे. एकदा एका फोरमननं जुन्या ड्रॉइंगात भडंग बांधून नेलं होतं, तर ते त्याच्या घरून आणवलं म्हणे, भडंगासकट. "नवी वाटायला काय लागतंय?" ते म्हणायचे. "जुनी गोळा करनं हेच खरं काम."

पुढे कागद गेले आणि संगणक आले. खोलीतलं कपाट हलवून तिथे सर्व्हर ठेवला. मालक बापूंना म्हणाले, ड्रॉइंगं तुम्हीच सांभाळत होता, आता ही पेटी तुम्हीच सांभाळा. वयाच्या पंचेचाळिशीत बापूंनी क्लास लावला. शेजारच्या बाकावर अकरावीची पोरं. तिथे ते काय शिकले ठाऊक नाही, पण सर्व्हर म्हणजे काय हे मला कॉलेजच्या चार वर्षांत कळलं नाही तेवढं बापूंनी एका चहात सांगितलं.

"हे बग पोरी. सर्वर म्हंजे घरातलं थोरलं मानूस. जागचं हालत न्हाय. लॅपटॉप म्हंजे पावणं. आज हितं, उद्या तितं, कुठं काय खाऊन येतंय कळत न्हाय. दारात आलं की दोघांनी एकमेकाला विचारायचं, माज्या माघारी काय झालं? ह्येचं त्येला, त्येचं ह्येला. दोगांचं सारकं झालं की मग जेवायला बसायचं."

आमच्याकडे हे विचारपुशीचं काम एक सॉफ्टवेअर करायचं. मी आठवड्यातले तीन दिवस गोकुळ शिरगावच्या आमच्या दुसऱ्या युनिटला असायचे. तिथून परत आले की लॅपटॉपला वायर जोडायची, आणि लॅपटॉपातली ड्रॉइंगं नि सर्व्हरवरची ड्रॉइंगं आपोआप सारखी व्हायची. एकच फाईल दोन्हीकडे वेगळी निघाली तर जिच्यावरची तारीख नवी, ती खरी धरायची. असा साधा नियम.

कधी कधी अडायचंच. एकदा आमच्या मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप सकाळपासून एक फाईल घेईना. साहेब तापले. बापू हात मागे बांधूनच सगळ्या फौंड्रीतून फिरून आले, प्रत्येक विभागात ओरडत, "ड्रॉइंग उघडं टाकून कोन च्या प्यायला गेलंय?" कुणीच नव्हतं. परत येऊन त्यांनी साहेबांच्याच केबिनमधल्या दुसऱ्या संगणकाकडे नुसती मान हलवली. फाईल तिथेच उघडी होती, त्यामुळे लॅपटॉपला मिळत नव्हती. "दार आतनं लावायचं आन भाईरनं हाका मारायच्या," एवढंच म्हणाले. साहेब स्वतःच हसले.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय बापू पुरते कळायचे नाहीत.

कंपनीनं मला नवा लॅपटॉप दिला तो पितृपक्षात. शनिवारी तो घेऊन मी गावी गेले. आईनं पिशवीतून बाहेरसुद्धा काढू दिला नाही. "पितरपाटात नवी वस्तू? दसऱ्याला पूजा करू, मग उघड." दसरा तीन आठवडे लांब, आणि सोमवारी मला कामं द्यायची होती. मी तिला समजावलं, ती ऐकेना. मग मी शहाणपणा केला. लॅपटॉपातली तारीख पुढे सरकवून थेट दसऱ्यावर नेली आणि आईला दाखवली. "बघ, ह्याच्यात दसराच आहे." आईनं चष्मा लावून आकडा बघितला, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून घेतला, आणि हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दोघीही खूश. रविवार, सोमवार, मंगळवार मी काम केलं. मंगळवारी संध्याकाळी तारीख सरळ केली आणि विसरून गेले.

पुढच्या पंधरवड्यात ऑफिसात भलतंच सुरू झालं. ड्रॉइंगमधल्या दुरुस्त्या करायचं काम संजूदादाचं. तो आयटीआय झालेला ड्राफ्ट्समन, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पण मला मॅडम म्हणणारा. त्यानं केलेल्या दुरुस्त्या नाहीशा व्हायला लागल्या. सगळ्या नाहीत, काहीच. एका पंपाच्या बॉडीची भिंत बाराची चौदा मिलिमीटर करायची होती. संजूदादा म्हणाला, केली. ओतकाम झालं आणि चाळीस नग बाराचेच निघाले.

"मी केलती, साहेब," संजूदादा म्हणाला.

"मग गेली कुठं? पंख फुटले तिला?"

हे तिसऱ्यांदा झालं होतं. साहेबांनी त्याला लेखी पत्र दिलं: पुन्हा असं झालं तर ड्रॉइंग सोडून घासाईला, म्हणजे ओतून आलेल्या नगांच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या विभागात. ज्यानं सतरा वर्षं मापं काढली त्यानं तोंडाला फडकं बांधून बीड घासायचं. त्या दिवशी चहाला मी जे बोलले ते आज लिहितानाही जड जातं. मी म्हणाले, "शेवटी शिक्षणाचा फरक पडतोच ना." बापू तिथेच होते. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "बीड परत वितळवून ओतता येतंय इंजिनेरबाई. मानसाचं नाव न्हाय येत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संजूदादाला आणि मला शेजारी शेजारी बसवलं. संजूदादानं त्यांच्यासमोर भिंत चौदाची केली. बापूंनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून घेतलं. मग मला म्हणाले, "जोड वायर." मी जोडली. आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत चौदाचे बारा झाले. संजूदादाच्या तोंडून नुसता श्वास सुटला. मी हसले, कारण मला अजून काहीच कळलं नव्हतं.

बापूंनी संजूदादाला पाणी आणायला पाठवलं. दोन्हीकडच्या तारखा शेजारी शेजारी लावल्या. बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आज नवमी बी झाली न्हाय. तुज्या हितल्या फायलींवर दसरा कसा काय उजाडला?"

मला तो शनिवार आठवला. त्या तीन दिवसांत मी हात लावलेल्या प्रत्येक फाईलवर दसऱ्याची नाहीतर त्यानंतरची तारीख होती. संजूदादाची दुरुस्ती आजची, माझी फाईल दसऱ्याची. नवी ती खरी, या नियमानं दर वेळी माझी जुनी फाईल जिंकत होती आणि त्याची दुरुस्ती पुसत होती. मी बापूंना सगळं सांगितलं. आईचं, पूजेचं, झेंडूच्या फुलाचं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "आठ-धा दिसात ह्या तारका मागं पडतील. मग हे आपोआप बंद हुईल. कुनाला कवा कळनार बी न्हाय." मग म्हणाले, "मी सायबास्नी सांगनार, तारीक चुकली हुती. कुनी चुकवली ते सांगनं माजं काम न्हाय."

खरं सांगायचं तर पुढच्या दोन दिवसांत मी पुष्कळ पळवाटा शोधल्या. घड्याळाची बॅटरी गेली असेल म्हणावं. नवा लॅपटॉप सदोष आला म्हणावं. चूक सांगायची लाज होतीच, पण तिच्याहून मोठी लाज कारणाची होती. वाडीतली पहिली इंजिनिअर, आणि पितरपाट चुकवायला लॅपटॉपची तारीख बदलते! पण जेवणाच्या सुट्टीत संजूदादा घासाई विभागाच्या दाराशी उभा राहून आत बघताना दिसला. आवाज कसा सोसायचा, ते बघत असावा. मी डबा तसाच बंद केला.

सोमवारच्या मीटिंगला मी उभी राहिले आणि सांगितलं. सगळं, झेंडूच्या फुलासकट. म्हणाले, "संजूदादानं दुरुस्त्या केल्या होत्या. त्या माझ्या लॅपटॉपनं पुसल्या. त्याचं पत्र मागे घ्या."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही इंजिनिअर ना ओ मॅडम? मुहूर्त बघून ड्रॉइंग काढता?"

मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले बापू म्हणाले, "सायेब, आपली भट्टी बी अमुशाला पेटत न्हाय की."

आधी फोरमन हसला, मग सगळे, आणि शेवटी साहेबही. भट्टीच्या तोंडाला दर शनिवारी लिंबू-मिरची स्वतः साहेबच बांधत होते.

संजूदादाचं पत्र फाडलं गेलं. तसलंच एक माझ्या नावानं निघालं. मी ते घेऊन सर्व्हरच्या खोलीत तोंड पाडून बसले, तर बापू म्हणाले, "एक कागद तितनं गेला, एक हितं आला. आता ज्येचा त्येच्याकडं हाय. रडायचं काय त्येच्यात?" मग त्यांनी नियमच बदलला. सगळ्या लॅपटॉपांनी वेळ सर्व्हरकडून घ्यायची, आणि दोन फायली वेगळ्या निघाल्या तर मशीननं ठरवायचं नाही, माणसाला विचारायचं.

संजूदादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आईला सांगितलंस?" मी म्हणाले, नाही. "नको सांगू. त्यांनी काय केलंय?" त्या दिवसापासून त्यानं मॅडम म्हणणं सोडलं आणि 'ए इंजिनेर' म्हणायला लागला. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. दसऱ्याच्या तीन दिवस आधी सगळ्या विभागानं रांगेत येऊन माझ्या टेबलावर आपट्याची पानं ठेवली. "घ्या, तुमचा आदी असतोय!" रांगेत सगळ्यात पुढे बापू.

बापू निवृत्त होऊन आता नेसरीला असतात. जाताना पासवर्डाचा कागद संजूदादाच्या हातात दिला, माझ्या नाही. मला थोडं लागलं. लागायला नको होतं, पण लागलं. सर्व्हर त्याच्या हातात उत्तम चालतो, हेही लिहायला हवं.

गेल्या महिन्यात मला डिझाइन विभागाची प्रमुख केलं. संजूदादा आता माझ्या हाताखाली येणार. मुलाखतीत माझं ते जुनं पत्र निघालं, मी काय झालं ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि तरीही मलाच केलं. घरी कळवायच्या आधी मी बापूंना फोन लावला. मला वाटलं, शाबासकी देतील.

"बरं झालं," बापू म्हणाले. "संजू काय म्हनला?"

"पेढे त्यानंच आणले बापू. सगळ्या फौंड्रीत त्यानंच वाटले."

पलीकडून दम्याचा बारीक सूर ऐकू आला.

"मग झालं की," बापू म्हणाले. "ठेव आता. भुईमुगाला पानी सोडलंय."