चार बोटं हवा

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गजर कुणी लावत नसे. पहाटे पाचला नळ आला की सुंदराबाई परब मोरीत हंडा असा आदळत, की शेजारच्या चार खोल्या आपोआप उठत. कुणी कुरकुर केली तर उत्तर ठरलेलं होतं: झोप दिवसभर येते, पाणी सव्वा तासच येतं. नवरा गुणाजी गिरणीत साचेखात्यात मागावर होता तेव्हा त्यांनी पाणी भरलं, संपात तो घरी बसला तेव्हा भरलं, आणि तो गेला त्या दिवशीही आधी पाणी भरून मग रडायला बसल्या. अर्धं भांडं त्यांना बघवत नसे. पिंप, हंडा, कळशी, बादल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा काठोकाठ भरायचं, मगच कंबर टेकायची. अशा बाईला म्हातारपणी कुणी सांगावं की बाई, भांडं जरा रिकामं ठेव, म्हणजे दैवाच्या थट्टेची कमालच झाली.

त्याचं झालं असं. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या हातून दोनतीन गोष्टी घडल्या. दूध गॅसवर ठेवून त्या नारळ आणायला खाली उतरल्या आणि पातेलं जळून कोळसा झालं. लाडवांत साखर दोनदा पडली. एकदा बाजारातून येताना एक जिना जास्त चढून तिसऱ्या मजल्यावरच्या भलत्याच दाराची कडी वाजवली. असं कुणाच्या हातून होत नाही? पण विनीतनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, ते मनावर घेतलं. तो आणि सून अनुजा सकाळी आठला घर सोडत ते संध्याकाळी साडेसातला परतत. मधले साडेअकरा तास आई, गॅस आणि देवाचा दिवा. आई, तू आता गावी काकांकडे राहा, असं तो एका रविवारी म्हणाला. तिथं माणसं आहेत, अंगण आहे.

कणकवलीजवळच्या त्या गावात सुंदराबाई लग्नानंतर आठ दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. जाऊ वारलेली, दीर कुणाशी बोलत नाही, नव्या पिढीतल्या पोरांना ही कोण म्हातारी ते सांगावं लागतं. तिथं जाणं म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेत जाऊन पडणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत.

मध्यममार्ग काढला तो अनुजानं. ती माटुंग्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सासूवर तिचा जीव होता, पण तो दाखवायची रीत शाळेतल्या बाईंची. संक्रांत झाली आणि तिनं गॅलरीत बिनमातीची पालेभाजी लावायचं ठरवलं. नवऱ्याला म्हणाली, तीन महिने बघू. रोज लक्ष द्यावं लागतं, विसरून चालत नाही. आईंनी ही झाडं जगवली तर गावाचं नाव काढायचं नाही. विनीत कबूल झाला, आणि ही अट दोन दिवसांत साऱ्या गॅलरीला कळली. माणसानं कुठं राहायचं ते पालकाच्या जुडीवरून ठरवावं का, हे कुणी विचारलं नाही.

खोकी दिली शेजारच्या मंजुळानं. मंजुळा कोळीण, चाळीस वर्षं मार्केटात म्हावरं विकत बसणारी. बर्फात मासळी येते ती थर्माकोलची दोन खोकी तिनं काढून दिली आणि सुंदराबाईंनी ती सोडा लावून तीन दिवस घासली. मग ती गॅलरीत खिडकीखाली मांडली. पूर्वी त्याच जागी परबांची पाण्याची पिंपं असत. डासांच्या तपासणीवाल्यांनी कटकट केल्यापासून पिंपं आत गेली होती.

खोक्याच्या झाकणाला सहा भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा छोटा पेला, पेल्यात नारळाचा काथ्या आणि त्यात पालकाचं रोप. खाली खत मिसळलेलं पाणी. अनुजानं सासूला समोर बसवून समजावलं. मुळं नुसतं पाणी पीत नाहीत, श्वासही घेतात. मातीत फटी असतात, तिथून त्यांना हवा मिळते. इथं माती नाही, म्हणून झाकण आणि पाणी यांच्यात चार बोटं जागा मोकळी सोडायची. खालची मुळं पाणी ओढतील, वरची केसाळ मुळं त्या दमट हवेत श्वास घेतील. माशांच्या टाकीतलं बुडबुड्यांचं यंत्र लावलं तर ही काळजी नको, पण गॅलरीत प्लग कुठे आहे? तेव्हा ही चार बोटंच त्यांचा जीव. पाणी वर चढलं की वरची मुळं गुदमरून कुजतात. आणि गुदमरलेलं झाडही तहानलेल्यासारखीच मान टाकतं, म्हणून न कळणारा माणूस आणखी पाणी ओततो.

खोक्याच्या आत तिनं नेलपेंटनं लाल रेघ मारली. झाकणाच्या कोपऱ्यातल्या भोकातून रोज बांबूची कामटी बुडवायची, ती कुठवर भिजली ते बघायचं आणि पाणी फारच खाली गेलं तर बाटलीतलं खताचं पाणी घालायचं, तेही रेघेच्या खालीच. सुंदराबाईंना हे एका दमात समजलं. इतकं समजलं, की पुढचे आठ दिवस सगळी गॅलरी त्यांच्याकडून मुळांचा श्वास शिकली.

पहिले तीन आठवडे पालक तरारला. मग एका रविवारी पानांनी माना टाकल्या. अनुजानं झाकण उचललं तर पाणी थेट झाकणाला लागलेलं, मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास नको तसला. दोन्ही खोक्यांत तेच. विनीत आईकडे बघत राहिला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

सुंदराबाईंनी देवाची शपथ घेतली. कामटी रोज बुडवली, पण पाण्याचा थेंब घातला नाही. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या मनात तसूभर शंका नव्हती. मग घातलं कुणी? पहाटे गॅलरीत असतं कोण? मंजुळा. गुडघे गेल्यापासून धक्क्यावरून मासळी आणायला तिची सून कीर्ती जाई, आणि मंजुळा पहाटेपासून दारात मशेरी लावत बसे. सुंदराबाई तरातरा बाहेर गेल्या आणि चार माणसांदेखत म्हणाल्या, माझ्या झाडांत पाणी तू ओततेस.

मंजुळानं बोट तोंडातच ठेवून त्यांच्याकडे आणि त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या विनीतकडे बघितलं. मग उठली, चूळ भरली आणि म्हणाली, "हो. मीच घातलं. सुकलेली दिसली म्हणून."

त्यानंतर अनुजाची जीभ घसरली. शिकलेलं नसलं तरी चालतं मावशी, पण सांगितलेलं तरी कळावं, आणि पुन्हा खोक्यांना हात लावू नका, असं ती बोलून गेली. मंजुळानं मान खाली घालून ऐकलं. विनीतनं आईची माफी मागितली. सुंदराबाई जिंकल्या. अडतीस वर्षं भिंतीपलीकडून येणारी बोंबलाच्या कालवणाची वाटी त्या आठवड्यापासून बंद झाली. मंजुळा दिसली की सुंदराबाई तोंड फिरवत. रागाला चव असते, आणि ती त्यांनी दीड महिना मनसोक्त चाखली.

नवी रोपं लावली, आणि ती जगली. मुळं पांढरीशुभ्र, रेघेच्या वर चार बोटं हवा. पानं तेवढी फिकट होती. खत कमी पडतंय की काय, असं म्हणत अनुजा जरा जास्त घाली. विनीत आता गावाचा विषय काढत नव्हता. तीन महिने भरायला बारा दिवस उरले होते.

त्या दिवशी पहाटे पाणी भरून झालं. सुंदराबाई आत येऊन पिंपाचं झाकण शोधू लागल्या, सापडेना, म्हणून हातातला तांब्या तसाच घेऊन पुन्हा बाहेर आल्या. बघतात तो मंजुळा खोक्यापाशी उकिडवी बसलेली, झाकण एका बाजूनं उचललेलं, हातात मग. सुंदराबाईंनी जाऊन तिचं मनगटच धरलं.

"आता गावलीस गो."

मंजुळा दचकली, पण मनगट सोडवलं नाही. तिच्या पायाशी बादली होती. बादलीत अर्ध्याच्या वर पाणी होतं. मगातून पाणी खोक्यात पडत नव्हतं. खोक्यातून निघून बादलीत जात होतं.

"काय करतेस तू?"

"काढते," मंजुळा म्हणाली.

"घातलं कोणी?"

मंजुळानं फक्त सुंदराबाईंच्या हाताकडे बघितलं. तांब्या ओला होता. मनगटापर्यंत हात ओला होता. आणि गॅलरीच्या कोरड्या लादीवर परबांच्या उंबऱ्यापासून खोक्यांपर्यंत, खोक्यांपासून परत उंबऱ्यापर्यंत, ओली पावलं उमटली होती. उजवा पाय जरा फेंगडा टाकायची सवय चाळीत एकाच बाईला होती.

सुंदराबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. पिंप आठवलं, हंडा आठवला, कळशी, बादल्या, पातेलं आठवलं. त्यापुढे काही नव्हतं. पूर्वी पिंपं जिथं होती तिथं हात आपला आपण गेला होता, पन्नास वर्षं जात होता तसा, आणि मालकिणीला त्यानं विचारलंही नव्हतं.

"रोज?"

"रोज नाय. दोनतीन दिवसांनी. तू आत गेलीस की मी काढते."

"आणि त्या दिवशी हो म्हणालीस ती?"

"मग काय सांगू? तुझा विनीत उभा होता समोर. तुला गावी धाडली असती त्यानं. तिकडे तुला कोण वळखतं?" मंजुळानं सुंदराबाईंचा ओला हात आपल्या पदरात घेतला. "बारा दिवस ऱ्हायलेत ना? मी काढत जाईन. कोणाला काय कळत नाय."

सुंदराबाईंना मोह झाला नाही असं नाही. चांगला झाला. बारा दिवस गप्प बसायचं, आणि मग ही खोली, ही गॅलरी, हा नळ मरेपर्यंत त्यांचा. पण पुढे? आज हात पाण्याकडे गेला, उद्या गॅसच्या बटणाकडे गेला तर तिथं बादली आणि मग घेऊन कोण बसणार होतं? आणि जिला त्यांनी चारचौघांत दोषी ठरवलं, ती दीड महिना दुखऱ्या गुडघ्यांवर बसून त्यांचंच चुकलेलं निस्तरत होती. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीपेक्षाही जास्त लाज वाटत होती. मंजुळाचा हात दाबून त्या आत गेल्या.

अनुजा डब्यात पोळ्या भरत होती. सुंदराबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाणी मी घालते, मला कळत नाही कधी घालते ते, मंजुळानं कधीच घातलं नव्हतं. अनुजाच्या हातातली पोळी हातातच राहिली. मी मावशींना काय नाही नाही ते बोलले, असं म्हणून ती दाराकडे निघाली.

"ते मागून," सुंदराबाई म्हणाल्या. "आधी माझं ऐक. विनीतला सांग, लपवू नको. डॉक्टर म्हणशील तर डॉक्टर, गावी धाडायचं तर धाडा, मी नाही म्हणणार नाही."

अनुजानं त्यांना खुर्चीवर बसवलं. ओला तांब्या अजून त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी सुनेच्या हातात दिला.

"पण उद्या नळ येईल तेव्हा तू माझ्याजवळ उभी राहा," त्या म्हणाल्या. "हात तिकडे निघाला की मला हाक मार."

पन्नास वर्षांत पाण्याच्या वेळी त्यांनी पहिल्यांदाच कुणाची सोबत मागितली होती.