पंधरा डब्यांचं मीठ

गेल्या सोमवारी दिघीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून पहिले पंधरा डबे निघाले... भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी. रांधणार आई, चिरणार बाबा, पोचवणार मी, अशी वाटणी.

आई अठरा वर्षं चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला होती. एका वेळी चारशे माणसांचं जेवण. कॉन्ट्रॅक्टर बदलला आणि काम गेलं. पंधरा डबे म्हणजे तिच्या हिशेबी किरकोळच...

दुपारी डबे परत घेतले तर जड लागले. पोळी-भाजी संपलेली, आमटी तशीच. सुपरवायझर म्हणाला, "काकूंना सांग, आज पाण्यानंच पोट भरलं राव. उद्याचा दिवस बघू, नाहीतर आपली वडापावची गाडी हाय."

आईने त्या आमटीचा एक घोट घेतला, खारट लागली, आणि वाटी खाली ठेवली. कॅन्टीनमध्ये मीठ मगाने पडायचं. चमच्याचा अंदाज तिच्या हातात उरलाच नव्हता.

मंगळवारी आमटीला उकळी आली. आईने चमचा भरला, अर्धा परत ओतला, पुन्हा भरला... त्या दिवशीही डबे जड परत आले असते तर तिसरा दिवस नव्हता. मग मागे न बघता म्हणाली, "अहो, जरा या. मीठ तुम्ही घाला."

बाबांनी कोथिंबीर बाजूला सारली, हात धुतले. तळहातावर मीठ घेऊन तीनदा पातेल्यात सोडलं. आम्ही घरात पाच माणसं... पाच त्रिक पंधरा.

"चाखा की."

"कशाला?"

शेवटी आईनेच चाखली. झाकण ठेवलं.

डबे हलके परत आले. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन. "काकू, आज जमलं बघा. उद्यापासून वीस पाठवा. तुमच्या हाताला चव हाय."

"मीठ यांच्या हातचं आहे," आई म्हणाली.

बाबा दुसऱ्या दिवशीची गवार मोडत बसले होते. वर बघितलं नाही.

आई पहाटेच्या बसने कंपनीत जायची. बाबा रात्रपाळीहून आले की आधी गॅस पेटवायचे, मग झोपायचे. अठरा वर्षं घरात बाबांनी रांधलं... आणि घरात कोण रांधतं असं कुणी विचारलं तर आम्ही एवढंच सांगायचो, आई शिफ्टला गेली आहे.