शनिवारची सायकल

तीन भावंडांत तो मधला, म्हणून घरात त्याला सगळे मधलाच म्हणत. थोरल्या भावाचा आणि वडिलांचा वरचेवर अबोला असे, आणि धाकट्या बहिणीला आईशी वाद घातल्याशिवाय जेवण जात नसे. निरोप्याचं काम साहजिकच याच्या गळ्यात पडलं. "बाबांना सांग, मला यायला उशीर होईल." "त्याला सांग, हे घर आहे, खाणावळ नव्हे." दोघंही एकाच खोलीत, एकमेकांना ऐकू जाईल इतक्या जवळ बसलेले! हा मध्ये उभा राहून इकडचं तिकडे पोचवायचा, आणि पोचवताना त्यातला कडवटपणा तेवढा काढून ठेवायचा. पुढे साबणाच्या कारखान्याच्या फुटबॉल संघात त्याला मधल्या फळीत उभं केलं, तेव्हा त्याला फारसं नवीन शिकावं लागलं नाही.

कारखान्यात तो पॅकिंगला होता. दिवसभर वड्या खोक्यांत भरायच्या आणि पाचचा भोंगा झाला की मैदान गाठायचं. अख्ख्या संघाच्या अंगाला साबणाचा वास येई आणि समोरचे संघ "आले धुऊन-पुसून" म्हणून चिडवत. चौदा वर्षांत त्याने मोजून सहा गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. पण चेंडू पायाशी यायच्या आधी मान वळवून कोण कुठे आहे ते बघून ठेवायची त्याला सवय होती. ज्याला पास मिळे त्याला वाटे, चेंडू आपणहूनच आला. टाळ्या त्या पुढच्याला पडत. आपल्याला त्याचं कधी काही वाटलं नाही, असं तो सांगतो. त्याच्या बायकोचं म्हणणं वेगळं आहे. "सहाही गोलांच्या तारखा पाठ आहेत यांना," ती म्हणते. "आमच्या लग्नाची तेवढी विचारून बघा."

एकतिसाव्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला. कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर रविवारी सकाळी खेळणाऱ्यांची यादी चिकटवलेली असे. त्या रविवारी त्याने ती वरून खाली वाचली, मग पुन्हा वाचली, आणि मग शेवटचं नाव पानाच्या मागे तर गेलं नाही ना, म्हणून कागदाचा कोपरा उचलूनही पाहिला. मॅनेजर आत बसून बुटांच्या नाड्या सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. चौदा वर्षांच्या माणसाला "आज तू नाहीस रे" एवढं म्हणायला असा किती दम लागतो? मधल्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "काढलं त्याचं काही नाही गं. गुडघा मलाही कळतो. पण दाराने सांगितलं ते लागलं."

तीन वर्षांनी जुना मॅनेजर निवृत्त झाला आणि ती जागा मधल्याला मिळाली. पोरं त्याला मास्तर म्हणू लागली. पहिल्याच आठवड्यात त्याने एक रीत घालून घेतली. ज्याला वगळायचं त्याच्या घरी आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सायकल काढून स्वतः जायचं. उंबऱ्यातच उभं राहायचं. कुणी चहाचं विचारलं की म्हणायचं, "चहा नंतर. आधी सांगतो, मग बघ द्यावासा वाटतो का." आणि मग तीनच गोष्टी सांगायच्या: उद्या तू नाहीस, का नाहीस, आणि सराव मंगळवारी आहे, ये.

त्याच्या सायकलची चेन करकरायची. कामगारांच्या चाळींत शनिवारी ती करकर ऐकू आली की खेळाडूंच्या घरांत पटापट कड्या लागायच्या. एका गोलकीपरची आई दिवे मालवून घरात नसल्याचं सोंग करून बसली. मास्तर पायरीवर तासभर बसून राहिला, तेव्हा आतून तिलाच खोकला आला. एका बचावपटूने मागच्या खिडकीतून उडी मारली, तर खाली मास्तर सायकल धरून उभा. "उडी चांगली आहे," तो म्हणाला, "पण उद्या तू नाहीस." लोक रागावत, एखादा रडे. पण मंगळवारी सगळे सरावाला येत. एकवीस वर्षांत फक्त एकजण आला नाही.

त्याला वकील म्हणत, कारण रेफरीशी तो कलमं काढून भांडायचा. डाव्या बाजूने खेळायचा आणि मास्तरच्या गळ्यातला ताईत होता. मान वळवून आधी बघून ठेवायची ती सवय मास्तरने पुरती फक्त त्यालाच दिली होती. करंडकाच्या अंतिम सामन्याआधी वकिलाचा घोटा नुकताच बरा झाला होता. त्याला खेळवायचा मास्तरला धीर झाला नाही. तो शनिवारी गेला, उंबऱ्यात उभा राहिला, तिन्ही गोष्टी सांगितल्या. एरवी कशावरूनही भांडणारा तो पोरगा एक अक्षर बोलला नाही. त्याने दार लावून घेतलं.

सामना एका गोलने गेला. मास्तरची चूक झाली होती, धडधडीत चूक, आणि ती त्याला मैदानावरच कळली होती. नंतर ते सांगायला तो तीनदा सायकल काढून निघाला आणि तीनदा गल्लीच्या कोपऱ्यावरून परत फिरला. शंभर जणांना तोंडावर कडू बोललेल्या माणसाला एवढं एक वाक्य जमेना. वकिलाने खेळणं सोडलं. पुढे तो क्लबचा चिटणीस झाला, आणि आठ वर्षं दोघांत मैदानाच्या किल्ल्यांपलीकडे बोलणं झालं नाही.

अशात एका गुरुवारी क्लबच्या कमिटीची बैठक बंद दाराआड झाली. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असलेला तरुण मॅनेजर आणायचं चाललंय, ही कुजबुज आधीच मास्तरच्या कानावर आली होती. शुक्रवारी कारखान्यात त्याला बघून दोघा कमिटीवाल्यांनी रस्ता बदलला, तेव्हा तो काय ते समजला. नवीन नाव रविवारी सकाळी लागणार. कुठे, तर त्याच दारावर.

शनिवारी दुपारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेरच्या खोलीत बसला.

"कुणाची वाट बघताय?" बायकोने विचारलं.

"कुणाची नाही."

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. चोवीस वर्षांपूर्वीचा तो रविवार तिलाही आठवत होता. पद जाणार याचं दुःख त्याला होतंच, नव्हतं कसं म्हणायचं? पण त्या दाराने पुन्हा एकदा सांगू नये, एवढंच तो जीव मुठीत धरून मागत होता. पाच वाजले, सहा वाजले. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत कपाटावर गेली आणि दिसेनाशी झाली.

साडेसहाला बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. बायकोने दार उघडलं. उंबऱ्यात वकील उभा होता, पोट जरा सुटलेलं, कपाळावर घाम.

"ये ना आत. चहा टाकते."

"चहा नंतर, वहिनी," तो म्हणाला. "आधी सांगतो."

मास्तर उठून उभा राहिला.

"मास्तर, उद्यापासून तुम्ही नाही," वकील म्हणाला. "कमिटीला शिकून आलेला माणूस हवाय. मी भांडलो, पण मतं कमी पडली." त्याने भिंतीकडे पाहिलं, पुन्हा मास्तरकडे पाहिलं. "सराव मंगळवारी आहे. या."

मास्तरचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. "त्या फायनलला माझं चुकलं," तो म्हणाला. "तुला घ्यायला हवं होतं."

"विसाव्या मिनिटालाच कळलं होतं तुम्हाला. मी कुंपणापाशी होतो. तुम्ही मान वळवून आधी डावीकडची मोकळी जागा बघितलीत, मग मला."

"सांगायला निघालो होतो रे. तीनदा."

"माहीत आहे. तुमची चेन अख्ख्या गल्लीला ऐकू येते. तिन्ही वेळा दार उघडून बसलो होतो."

बायकोने चहा आणला. दोघं चहा घ्यायला बसले.

"मंगळवारी किती वाजता?" मास्तरने विचारलं. ती वेळ एकवीस वर्षांपूर्वी त्यानेच ठरवली होती.

"साडेपाच," वकील म्हणाला. "आणि उशीर चालत नाही आमच्याकडे."