मध्यंतरातला सत्कार

जुन्या फुटबॉल मैदानावर एकतीस वर्षं चुन्याच्या रेघा मारणाऱ्या माणसाला सगळे चुनेराव म्हणत. सामना असला की चुनेराव सकाळीच खुंट्या ठोकायचे, सुतळी ताणायचे आणि चाकाची गाडी ढकलत रेघ ओढायचे. चुन्याने बोटांची सालटी निघाली, पण रेघ कधी केसभर हलली नाही. "मी मैदानाला चुना लावतो, माणसांना नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. तो ऐकून बायकोचे कान किटले होते.

मग नवं स्टेडियम झालं. तिथलं गवत प्लास्टिकचं, रेघा त्यातच विणलेल्या. जुनं मैदान बंद पडलं, चुनेराव घरी बसले आणि घरी बसल्यावर कानाचं दुखणं मागे लागलं. मान झटकन वळवली की अख्खी खोली गरगरायची.

त्यांचा जावई त्याच स्टेडियमच्या ऑफिसात प्रेक्षकांच्या करमणुकीचं काम बघायचा. उद्घाटनाच्या सामन्याआधी तो घरी आला.

"बाबा, मध्यंतरात तुम्हाला मैदानात बोलावणार आहोत."

"मला? कशाला?"

"सत्कारच समजा की. एकतीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?"

चुनेराव हरखून गेले. बायकोकडून पांढरा शर्ट दोनदा इस्त्री करून घेतला. चार वाक्यांचं भाषण पाठ केलं आणि आंघोळ करताना म्हणून पाहिलं.

सामन्याच्या दुपारी स्टेडियम गच्च भरलं होतं. चुनेराव लेकीशेजारी बसले खरे, पण खेळात त्यांचं लक्ष नव्हतं. ओठांतल्या ओठांत भाषण चाललं होतं. मध्यंतराची शिट्टी झाली आणि भोंग्यावर त्यांचा पुकारा झाला.

मैदानात हार नव्हता, शाल नव्हती. अस्वलाच्या वेशातला एक माणूस हातात काळी पट्टी घेऊन उभा होता आणि माइक धरलेली एक मुलगी ओरडत होती, "आजोबा डोळे बांधून गोल मारणार! मारणार की नाही?"

"मारणार!" तीस हजार माणसं ओरडली.

चुनेराव रेघेपाशी उभ्या असलेल्या जावयाकडे वळले. "अहो जावईबापू, माझा कान... मला गरगरतं, तुम्हाला माहीत आहे."

"दोन मिनिटांचं तर काम आहे बाबा. साहेब बघतायत, हसरा चेहरा ठेवा."

पट्टी बांधली गेली. अस्वलाने त्यांना खांद्याला धरून भिंगरीसारखं फिरवलं. तीन फेऱ्या ठरल्या होत्या. लोक ओरडायला लागले म्हणून सात झाल्या. चुनेराव तोल सावरत पुढे निघाले. पेनल्टीची खूण त्यांनी हजारदा काढली होती. पायांना ती आपोआप सापडेल असं त्यांना वाटलं. तेवढ्यात अस्वलाने तिथला चेंडू अलगद उचलून बगलेत मारला.

चुनेरावांनी जीव खाऊन लाथ मारली. ती हवेत गेली आणि ते पाठीवर आपटले. स्टेडियम दणाणून गेलं. एवढा गलका त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. पडल्या पडल्या त्यांना वाटलं, गोल झाला! त्यांनी दोन्ही हात वर केले.

मग तर लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले.

पट्टी सुटल्यावर समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्यांना एक म्हातारा दिसला, उताणा पडून हात हलवणारा. जागेवर परतले तर लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. "बाबा, काय मस्त पडलात!"

भाषण कुणी मागितलंच नाही.

घरी बायकोने टीव्हीवर सगळं पाहिलं होतं, चार शेजारणींसोबत. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच विचारलं, "अहो, हात कशाला वर केलेत?"

त्यानंतर चुनेरावांना कुणी चुनेराव म्हणेना. दुकानात, जिन्यात, न्हाव्याकडे, दिसले की लोक दोन्ही हात वर करायचे. महिनाभर ते मान खाली घालून वावरले.

मग जुन्या मैदानावरच्या पंचांचा फोन आला. पंच चार वर्षांपासून दुसऱ्या गावी मुलीकडे राहायचे, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. जुन्या दिवसांत रेघा तपासायला येत, तेव्हा आपल्या डब्यातला अर्धा घास ते चुनेरावांना देत.

"चुनेराव, तुमच्या जावयांनी बोलावलंय. म्हणतात, सत्कार आहे. खरं का हो? या वयात गुडघे घेऊन एवढ्या लांब यायचं म्हणजे..."

चुनेरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खरं आहे," ते म्हणाले. "या. चांगला शर्ट घाला."

त्या सामन्याला चुनेराव आपण होऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसले. पंचांना फिरवलं, पंच धडपडले, गुडघ्यांवर पडून चेंडू चाचपायला लागले. चुनेराव हसले. आधी घशातल्या घशात, मग मोकळेपणी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारचा माणूस मैदानातली गंमत सोडून त्यांच्याकडेच बघत राहिला.

सुटताना पंच फाटकाशी भेटले. पँटच्या गुडघ्यांना प्लास्टिकच्या गवतातली रबराची काळी भुकटी चिकटली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं," चुनेराव म्हणाले आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.