आधी व्याख्या, मग खोल्या

"व्याख्या! आधी व्याख्या! व्याख्येशिवाय एक शब्द पुढं जाऊ देणार नाही!"

आतोबा सतरंजीवर उभे राहून ओरडत होते. त्यांच्या हातात अडकित्ता होता आणि तो ते अशा आवेशानं उघडमीट करत होते, की समोर बसलेल्या हमीदमियांनी आपली दाढी हळूच बाजूला घेतली. खाली गुलमंडीच्या रस्त्यावर एक टांगा थांबला. टांगेवाल्याला वाटलं, वर भाऊबंदकी पेटली आहे. त्याला काय ठाऊक, की आम्ही सगळे एकाच बाजूचे होतो. जर्मनीत ज्यू लोकांचे जे हाल चालले होते त्यांचा निषेध करायचा, यावर आमच्यात काडीचाही मतभेद नव्हता. भांडण एवढंच होतं, की ज्यूंचा द्वेष म्हणजे नेमकं काय.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. निजामाच्या सबंध मुलखात व्याख्येचा इतका भुकेला माणूस दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जिल्ह्याच्या अदालतीत ते वकील होते. तिथं कामकाज उर्दूत, विचार मराठीत आणि कायद्याची पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळं प्रत्येक शब्द तीनदा तपासून घ्यायची त्यांना सवय लागली होती, ती घरी आल्यावरही सुटत नसे. आत्यानं भरताचं वांगं आणायला सांगितलं, तर ते मंडईत बागवानाला विचारत, "भरताचं वांगं कशाला म्हणायचं? आकारावरून, की हेतूवरून?" तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाला वांगी विकून मोकळा होई आणि हे मेथी घेऊन घरी येत, कारण मेथीबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. एकदा पडेगावला जायला टांगा केला, तेव्हा पडेगाव कुठं सुरू होतं यावर टांगेवाल्याशी असा काही वाद रंगला, की घोड्यानं तोबऱ्यातला सगळा हरभरा संपवला, एक झोप काढली आणि आपल्या मनानं तबेल्याकडं निघून गेला. आतोबा टांग्यातच बसून होते. तबेल्यात उतरल्यावर त्यांनी मान्य केलं, की हे पडेगाव नव्हे.

लासूर स्टेशनला एका लग्नाहून परतताना तर कमाल झाली. त्यांनी स्टेशनमास्तरांना विचारलं, गाडी वेळेवर आहे का. मास्तर म्हणाले, आहे. झालं! "वेळेवर म्हणजे?" तुमच्या घड्याळानं की वेळापत्रकानं, येण्याची वेळ की सुटण्याची, इंजिनाची वेळ धरायची की गार्डाच्या डब्याची. मास्तर उत्तरं देत राहिले आणि त्यांच्या पाठीमागून गाडी आली, थांबली, गेली. सगळं वऱ्हाड गेलं, आत्याही गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर आतोबा तिला म्हणाले, "गाडी सुटली ती सुटली. मुद्दा सुटला नाही." हे वाक्य पुढं आमच्या घरात दुधाच्या उतू जाण्यापासून ते विहिरीत पडलेल्या बादलीपर्यंत सगळ्याला वापरत असत.

तर अशा माणसाच्या माडीवर आमचं मंडळ भरायचं. त्या काळी आमच्याकडं चार माणसांनी राजकारण बोलायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागे, म्हणून आतोबांनी मंडळाचं नाव 'शब्दार्थ विचार मंडळ' असं ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, शब्दांचे अर्थ लावणारी माणसं कुठल्याच सरकारला धोक्याची वाटत नाहीत. ते खरंही होतं. एकदा साध्या कपड्यातला एक पोलीस येऊन बसला आणि तासाभरानं चपलाही न घालता निघून गेला. परत आला नाही. चपला बरेच दिवस जिन्यात होत्या. मी मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे सतरंज्या घालणारा आणि आत्याकडून चहा वर आणणारा.

मंडळ शुक्रवारी दुपारी भरे, कारण आमच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. शाळेत उर्दू शिकवणारे हमीदमियां नमाजाहून थेट येत. वकिलीच्या परीक्षेसाठी वैजापूरहून आलेला गंगाधर येई. तो जगातल्या सगळ्या सावकारांविरुद्ध होता, फक्त घरी बापाची सावकारी होती. आणि बांधकाम खात्यातले ओव्हरसीयर मुसाजी येत. मुसाजी मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल. शहरात आम्हाला माहीत असलेलं ज्यू घर त्यांचं एकच. माणूस मोठा तिखट आणि बुद्धिबळात आतोबांना न चुकता हरवणारा. त्यांनी खात्याशी तोड काढली होती, की शुक्रवारी सकाळी कामावर देखरेख करीन, पण शनिवार माझा. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विसावा, सुरू होई. तेव्हा सूर्य खाली उतरला, की वादात कितीही रंग भरलेला असो, मुसाजी छत्री उचलत, "चला, दिवा लावायला हवा," म्हणत आणि जिना उतरत.

जर्मनीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हाची ही गोष्ट. मुसाजींकडं एक जर्मन डॉक्टर आणि त्याची बायको येऊन राहिली होती. ज्यू म्हणून त्यांचा दवाखाना तिकडं बंद पाडला होता. पण मुसाजींचं घर म्हणजे सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, त्यात त्यांचीच पाच माणसं. शिवाय परक्या मुलखातला माणूस म्हणून डॉक्टरला महिनाअखेर शहरातला पक्का पत्ता कचेरीत द्यायचा होता, नाही तर मुक्काम हलवायचा. गावात कुणी जागा देईना. गावातले म्हणत, गोरा आहे तर इंग्रजांच्या छावणीत राहावं. छावणीतले म्हणत, हा कसला गोरा, हा तर जर्मन.

आणि आतोबांच्या माडीला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या. किल्ली आतोबांच्या जानव्याला.

मुसाजींनी पहिल्याच शुक्रवारी विषय मांडला. आतोबांना तो इतका पटला, की त्यांचे डोळे भरून आले. मग ते म्हणाले, "मुसाजी, खोल्या दिल्याच समजा. पण कशाच्या आधारावर द्यायच्या? उद्या कुणी विचारलं, दया म्हणून दिल्या की तत्त्व म्हणून?"

"दया म्हणून द्या," मुसाजी म्हणाले.

"छे, तो डॉक्टरांचा अपमान होईल. आपण ज्यूद्वेषाचा निषेध करणारा ठराव करू आणि त्या ठरावाखाली खोल्या देऊ. ठरावाला व्याख्या लागेल. त्याला किती वेळ लागतो?"

मुसाजींनी खिडकीतून सूर्याकडं पाहिलं.

मधल्या आठवड्यात डॉक्टर आणि त्याची बायको खोल्या बघून गेले. आत्यानं जानव्याची वाट न बघता आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं होतं. बाईनं वीत लावून खिडकी मोजली, पडद्यासाठी. ती एक शब्द बोलली नाही आणि आत्याला तिचा एक शब्द कळला नसता, पण आत्यानं जुनं लुगडं फाडून त्याच मापाचा पडदा शिवायला घेतला.

वर व्याख्या शिवणं चालू होतं. हमीदमियांचा सवाल रास्त होता. "इंग्रजानं फिलस्तीनमध्ये जो घोळ घालून ठेवलाय, त्याला मी नाव ठेवलं, तर वकीलसाब, मी यहुद्यांचा दुश्मन ठरतो का?"

"नाही," मुसाजी म्हणाले. "त्यासाठी माझ्या घरावर दगड मारलात, तर ठरता."

आतोबांनी लगेच लिहून घेतलं, कलम दोन, परंतुकासह. गंगाधरचं म्हणणं, तो बँकवाल्यांना शिव्या देणारच. "आपलं भांडण लई सरळ हाय. पैशेवाल्याशी हाय, जातीशी नाय."

"मग पैसेवाल्याला दे," मुसाजी म्हणाले. "मी ओव्हरसीयर आहे. तुझ्या वडिलांना दे."

मग निघाला बाजारातला शब्द. आमच्याकडं कुणी हात आखडता घेतला, की माणसं सहज म्हणत, काय यहुदी आहे! हा द्वेष की नुसती जिभेची सवय? आतोबांनी यावर एक अख्खी दुपार खर्ची घातली. कलम चारमध्ये सवय, पोटकलमात हेतू, आणि हेतू सिद्ध करण्याचा भार कुणावर, याला वेगळी टीप. मुसाजी म्हणाले, सवय असेल तर मोडा, टीप कशाला? पण टीप इतकी देखणी झाली होती, की ती खोडवेना.

आता इथं आतोबांचा एक नियम सांगायला हवा. मंडळात विषय क्रमानंच घ्यायचे, आणि मांडणारा हजर नसेल तर त्याचा विषय पुढच्या बैठकीला. पहिला विषय व्याख्या, शेवटचा खोल्या. व्याख्या दिवेलागणीच्या आत संपत नसे. दिवेलागणीला मुसाजी छत्री उचलत. मग आतोबा मोठ्या दुःखानं जाहीर करत, "खोल्यांचा विषय मांडणारा गैरहजर. पुढच्या शुक्रवारी." एकदा मुसाजींनी खोल्या आधी घ्या असं स्पष्ट सुचवलं. आतोबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मुसाजी, पाया नसताना तुम्ही भिंत उभी कराल का?" ओव्हरसीयर माणसाला हा प्रश्न विचारल्यावर तो काय बोलणार?

तिसऱ्या शुक्रवारी तर मुसाजी जिना उतरल्यावर थोड्याच वेळात कलम सात एकमतानं मंजूर झालं. कलम असं होतं: ज्यूंच्या धर्माचाराच्या दिवसाची वा वेळेची पर्वा न करणे, हेही द्वेषातच मोडते. हमीदमियांनी वाहवा केली. कुणालाच हसू आलं नाही. खाली रस्त्यावर मुसाजींची छत्री अजून दिसत होती.

चौथ्या शुक्रवारी मुसाजी आले नाहीत. पण व्याख्या मात्र पुरी झाली, आणि काय झाली म्हणता! अकरा कलमं, त्यात एक जागा नाही जिथून डास आत शिरेल. गंगाधर बापाची सावकारी विसरला, हमीदमियांनी आतोबांना मिठी मारली. मग आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. मांडणारा नसताना, अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वतःच खोल्यांचा विषय मांडला आणि स्वतःच मंजूर केला. जानव्याची किल्ली त्यांनी तिथल्या तिथं सोडली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं मुसाजींच्या क्वार्टरवर गेलो. मुसाजी ओसरीवर स्वच्छ सदरा घालून बसले होते. आतोबांनी उभ्या उभ्या अकराही कलमं वाचली, टिपांसह.  वाचन संपल्यावर मुसाजी म्हणाले, "चांगली झालीय. कलम सात विशेष."

"डॉक्टरांना हाक मारा. ही किल्ली."

"ते गेले वकीलसाहेब. गुरुवारच्या गाडीनं, मनमाडकडं. पुढं कुठं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. महिना संपला ना."

आतोबा किल्ली हातात घेऊन उभे राहिले. गाडी सुटली पण मुद्दा सुटला नाही, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत, आणि त्यानंतर घरात दूध उतू गेलं तरी कुणी म्हणालं नाही.

त्या खोल्या मग त्यांनी कुणालाच भाड्यानं दिल्या नाहीत. आत्याचा पडदा खिडकीला बसवला, तो ऊन खाऊन पिवळा पडला. मंडळ गुरुवारी संध्याकाळी भरू लागलं. मुसाजी यायचे, रात्रीपर्यंत बसायचे, बुद्धिबळात आतोबांना हरवायचे. आतोबांचं व्याख्यांचं वेडही ओसरलं. मंडईत जाऊन ते निमूट वांगी आणू लागले, आणि आत्या म्हणे, यांना बरं नाही. एकदा कुणी तरी जिन्यात उभं राहून पाणी मागितलं, तेव्हा हे, कोण, कुठला काही न विचारता, तांब्या घेऊन धावत गेले.

पुढं मुसाजींची बदली झाली. निघण्याआधी ते शेवटचा डाव खेळायला आले. डाव अर्ध्यावर असताना आतोबा मान वर न करता म्हणाले, "मुसाजी, इतकी वर्षं विचारीन म्हणतो. त्या वेळी एखाद्या शुक्रवारी तुम्ही अर्धा तास जास्त थांबला असतात तर?"

मुसाजींनी उंट हलवला.

"शब्बाथच्या दिव्याला घरी पाहुणे होते," ते म्हणाले.