ठमीची बांधावरची हजेरी

ठमीला गाता गळा होता असं मी म्हणणार नाही. आवाज घोगरा, वरच्या पट्टीत गेला की फाटायचा. पुढे ज्यांनी तिच्या गाण्यावर टाळ्या वाजवल्या त्यांनी तिला कधी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तर त्यांनी तिला उठवून लावलं असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता जो उठतो तो तिला कोकिळा म्हणतो.

सापगावच्या पलीकडे टेकडीच्या कुशीत पंचवीस-तीस झोपड्यांची एक वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर मी सत्तावन्न साली हजर झालो. वाडीत कोणाच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती. पावसाळ्यात शहापूरकडच्या शेतकऱ्यांची लावणी करायची, दिवाळीनंतर काहींनी टोळी करून पोटामागे बाहेर जायचं. ठमी तिथलीच. तरुणपणी मोहाच्या झाडावरून पडली आणि कंबर कायमची वाकडी झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिला चिखलात उभं राहता येत नव्हतं आणि भारा उचलता येत नव्हता. वाडीत अशा बाईने खायचं काय, हा प्रश्नच असतो.

त्याचं उत्तर तिनं स्वतःच काढलं होतं. लावणीच्या दिवसांत बाया पहाटेच खाचरात उतरत, आणि तान्ही, रांगती मुलं बांधावर. कोणी झाडाला बांधलेल्या झोळीत, कोणी इरल्याखाली टोपलीत. ठमी त्यांच्यामध्ये फतकल मारून बसायची आणि दिवसभर गायची. मुलांसाठीच. पण गंमत अशी की प्रत्येक कडव्यात एका मुलाचं नाव आणि त्याच्या आईबापाची टर. मुलाला आपलं नाव ऐकून आनंद, आणि चिखलातल्या बायांना दुसरीची फजिती ऐकून. एकीचं कडवं झालं की बाकीच्या हसत धृपद उचलत, आणि त्या तालावर हात चालत. मालक धाऊ पाटील मला एकदा म्हणाला, "गुरुजी, ठमी बांधावर असली का माझा खाचर दीड दिसात व्हतो. नसली तं दोन." म्हणून तो तिला लावणी करणाऱ्या बाईइतकंच भात द्यायचा. या भातावर ती वर्षाचे काही महिने काढायची, उरलेले कोणाकोणाच्या पेजेवर.

याहून मोठी गोष्ट मात्र पाटलालाही ठाऊक नव्हती. ती मला ठमीनेच सांगितली. खाचरात वाकलेल्या बाईची पाठ बांधाकडे असते. तिला आपलं पोर दिसत नाही. ते झोळीत आहे की ओहोळाकडे रांगत गेलं, तापलं की साप आला, काही कळत नाही. ठमी प्रत्येक पोराकडे बघून मगच त्याचं नाव घ्यायची. नाव आलं की आईने समजायचं, पोर ठीक आहे. फेरीत नाव आलं नाही की आई हातातली आवणाची, भाताच्या रोपांची, मूठ टाकून बांधाकडे पळायची. मी शाळेत घ्यायचो तशी ती हजेरी होती. फरक एवढाच की माझ्या हजेरीवर कोणाचा जीव अवलंबून नव्हता.

आता माझं ऐका. अठ्ठावन्न साली शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. शाळेच्या कार्यक्रमाला पालक फिरकत नाहीत म्हणून त्यांनी मला चारचौघांत झाडलं. म्हणाले, "मुलांची गाणी अशी शोधा, मास्तर, की आईबापही थांबून ऐकतील. चांगली निघाली तर पुस्तक काढू." मी कवी! दोन रात्री जागून स्वच्छतेवर आणि लवकर उठण्यावर गाणी रचली. मुलं ती पाढ्यांसारखी म्हणत. एक आई दाराशी आली होती, ती दुसऱ्या कडव्यालाच जांभई देऊन गेली. तो अपमान मला झोंबला. चार दिवसांनी धाऊ पाटलाच्या खाचराजवळून जाताना पंधरा बाया एकदम खो-खो हसताना ऐकल्या आणि मी तिथंच थबकलो.

ठमी गात होती:

यमू कुठं गो? यमू झोळीत,
खेकडा धरलाय तिनं मुठीत,
आयस तिची चिखलात वाकली,
बेडकी तिला सासू म्हनाली!

यमूची आई बुधी, चिखलात सर्वांत पुढे. ती ताठ न होताच ओरडली, "तुझीच सासू ती, ठमे!" आणि पुन्हा हशा. झोळीतून दीड वर्षाची यमू मान काढून बघत होती. मुठीत खेकडा वगैरे काही नव्हता, तिचं स्वतःचंच बोट होतं.

मी वही काढली. आठवडाभर बांधावर बसून अकरा कडवी उतरवली. ठमीला मजा वाटत होती. पण मी नावांसकट लिहितोय हे कळल्यावर ती गंभीर झाली. वाडीत देवाला आणि मास्तरला दोघांनाही 'तू'च म्हणत.

"गुरुजी, नावा लिवू नको तू."

"का गं? नावांमुळेच तर गोडी आहे."

"नावा दरसाल येगली. दर दिशी येगली. मी बघतंय नि मंग घेतंय. तू कागदावं घातलीस तं कोन बघंल?"

मी हसलो. समजूत घातल्यासारखं केलं. तिचं म्हणणं मला पटलं नव्हतं असंही नाही, मला ते आवडलं होतं. इतकं आवडलं की पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी 'एक रम्य प्रथा' म्हणून त्यावर अर्धं पान लिहिलं. आणि खाली नावं तशीच ठेवली. यमूच्या जागी रिकाम्या रेघा घातल्या तर वृत्त लंगडतं, असं माझ्यातल्या कवीचं मत पडलं. साहेबांनी फक्त 'सासू' काढून 'ताई' घातली, कारण सासूची चेष्टा बालमनाला योग्य नाही.

एकोणसाठच्या जानेवारीत पुस्तक निघालं. शाळेत समारंभ झाला. वाडी झाडून आली, पहिल्यांदाच. साहेबांनी मला शाल दिली. ठमी मागे जमिनीवर बसली होती, तिला नारळ मिळाला. मुलांनी गाणं म्हटलं तेव्हा बुधी यमूला खांद्यावर उंच धरून नाचवत होती. तो दिवस चांगला होता, हे मी नाकारत नाही.

चैत्रात वाडीत गोवर आला. तीन मुलं गेली. त्यांत यमू होती.

माझ्या शाळेत एखादं मूल दगावलं तर हजेरीपटावर तांबड्या शाईची एक रेघ मारावी लागते. यमू शाळेत नव्हती, त्यामुळे तीही मारावी लागली नाही. मी बुधीकडे जाऊन आलो, चार शब्द बोललो. पुस्तक माझ्या डोक्यातही आलं नाही. दर शनिवारी मुलं गाणी म्हणत, कारण कोणीतरी पाहुणा केव्हाही यायचा आणि माझी सक्ती होती की एक शब्द चुकता कामा नये. बुधीची थोरली शकू दुसरीत होती, सात-आठ वर्षांची. एका शनिवारी ती त्या कडव्याला गप्प राहिली. मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "गुरुजी, यमूचा नाव घेयाचा का?"

आणि मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसंच म्हण."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी रागावलोही नव्हतो. घाईत होतो, बस्स. शकूनं मान हलवली आणि पुढच्या शनिवारपासून ती इतरांच्या बरोबरीने म्हणू लागली. मी तिची पाठही थोपटली.

जुलैत शाळेला लावणीची सुट्टी लागली. मोठी मुलं राबातून, रोपं वाढवलेल्या तुकड्यातून, खाचरापर्यंत आवणाच्या मुठी पोचवायला आली. मीही छत्री घेऊन बांधावर होतो, माझं गाणं त्याच्या मूळ जागी ऐकायला. हो, मनात मी त्याला माझंच म्हणत होतो. ठमी त्या सालची सात मुलं घेऊन बसली होती. तिनं सुरुवात केली आणि मुठी वाहणाऱ्या माझ्या वीस-बावीस विद्यार्थ्यांनी लगेच सूर धरला. त्यांना गाणं पाठ होतं, ठमीपेक्षा पक्कं. दोन कडवी जमली, त्यांतली मुलं त्या सालीही बांधावर होती. तिसऱ्याला ठमीने समोरच्या टोपलीत बघून नवं नाव घेतलं. पण मुलं पुस्तकाप्रमाणे पुढे गेली. बावीस पोरांपुढे तिचा घोगरा आवाज कुठला टिकायला?

यमू कुठं गो? यमू झोळीत.

बुधी चिखलात वाकलेली होती. ती ताठ झाली. घाबरल्यासारखी नाही, सावकाश, पोराला पाजायची वेळ झाली की बाई होते तशी. हातातली मूठ तशीच घेऊन ती लावलेल्या ओळी तुडवत बांधाकडे निघाली. बायांचे हात थांबले. बांधावर चढून तिनं झाडाच्या झोळीत वाकून पाहिलं. तिथं दुसऱ्याचं पोर होतं. मग ती एकेक इरलं उचलून खाली बघू लागली. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. स्वतःच्या हाताने तिने पोरीला माती दिली होती. पण तिची तिन्ही मुलं ठमीच्याच बांधावर वाढली होती, नाव आलं की पोर आहे हे तिच्या अंगाला शिकवलेलं होतं, आणि अंगाने डोक्याला विचारलं नाही.

ठमी म्हणाली, "बुधे, नाय गो. नाय."

शकू डोक्यावरच्या मुठी टाकून धावत आली. आईच्या ओल्या लुगड्याला धरून म्हणाली, "आये, ती गान्यातली यमू. आपली नाय."

त्यावर बुधी बांधावर बसली आणि तिने जो आवाज काढला तो मी इथे लिहू शकत नाही. माझी मुलं मात्र आणखी अर्धं कडवं म्हणत राहिली. मी त्यांना तसंच शिकवलं होतं, मध्ये थांबायचं नाही.

मला कोणी काही बोललं नाही. मास्तरला कोण बोलणार? बोल ठमीला लागला. हिने पोरांची नावं कागदाला दिली, असं वाडी म्हणू लागली. गोवराने गेलेल्या उरलेल्या दोघांचीही नावं पुस्तकात निघाली, मग तर संपलंच. दुसऱ्या दिवशी बांधावर एकही झोळी आली नाही. बायांनी पोरं पाठीला बांधली, नाहीतर थोरल्या मुलींना शाळेतून काढून घरी बसवलं. शकूचीही शाळा सुटली. धाऊ पाटलाची लावणी रेंगाळली, तेव्हा तो ठमीला म्हणाला, "पोराच नायत तं तू बसून करशील काय?" त्याचं तरी काय चुकलं? तिचं भात बंद झालं.

आठ दिवसांनी ती शाळेत आली, कंबरेवर हात ठेवून, टेकडी चढून.

"गुरुजी, यमू कुठं हाय ती दाव."

मी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. तिने अंगठा जिभेला लावून ओला केला आणि त्या दोन अक्षरांवर घासू लागली. शाई पसरली. ती घासत राहिली. कागदाचा लगदा झाला, भोक पडलं, पलीकडच्या पानावरच्या चित्रातला बेडूक दिसू लागला. मग तिने पुस्तक मला परत दिलं. "झाला," म्हणाली. "आता सांग बायांना, का यमू कागदातून निंगाली."

मी तिला सांगू शकलो नाही की अशा पाचशे प्रती आहेत. बायांकडे गेलो, भोक दाखवलं, चूक माझी होती असं सांगितलं. बुधीने ऐकून घेतलं. "बरा," म्हणाली आणि उखळाकडे वळली. झोळ्या बांधावर आल्या नाहीत. दिवाळीनंतर वाडीतली एक टोळी भिवंडीकडे विटांच्या भट्टीवर निघाली, तिच्यामागे ठमीही गेली. वाकड्या कंबरेची बाई भट्टीवर काय करणार? जेठात टोळी परत आली, त्यात ती नव्हती. खोकल्याने गेली, असं कोणीसं सांगितलं. तिच्याविषयी माझ्याकडे आणखी माहिती नाही, आणि तिच्यावर लिहायला बसलेला माणूस एवढंच सांगू शकतो याची लाज वाटते.

मला बढती मिळाली. आता मुरबाडला मुख्याध्यापक आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी नाव गाळण्यासाठी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की नाव गोड आहे, मुलांच्या तोंडी बसलेलं आहे, बदलण्याचं कारण दिसत नाही. हे खरंच आहे. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत ते गाणं म्हणतात. यंदाच्या, सहासष्टच्या स्नेहसंमेलनात माझ्याच शाळेच्या शंभर मुलांनी म्हटलं. मी नको म्हणालो होतो, पण शिक्षिकांचं लाडकं गाणं आहे. साहेबांना हवं होतं तसंच सगळं झालं. आईबाप थांबून ऐकत होते, बेडकीपाशी हसत होते, टाळ्या वाजवत होते.

यमू झोळीत, असं मुलं म्हणतात तेव्हा मी व्यासपीठावरून मागच्या रांगेकडे बघतो. दर वेळी बघतो. कोणी उठत नाही.